येथे मोटर भरून मिळेल

पाटीवर एवढंच आहे. रबाळ्याला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
पारसिकचा डोंगर जिथे शेडच्या पत्र्याला टेकल्यासारखा दिसतो.
पाण्याचे पंप येतात, पिठाच्या गिरण्या, लिफ्टच्या मोटरी.
जळकं तांबं ओढून काढायचं, नवं भरायचं,
वार्निश पाजायचं, भट्टीत ठेवायचं.
टक्के कुणी विचारत नाही.
फिरली की पैसे.

मार्गशीर्षात शलाका मढवी आली, दिवाळे गावची,
परातीएवढी लोखंडी कडी छातीशी धरून.
काका, विमानाची आहे. दोन माणसांचं, शिकाऊंसाठी.
मी म्हटलं, विमान तेलावर चालतं.
ती म्हणाली, तेच तर.

मग माझ्या उधारीच्या वहीत, मागच्या पानावर,
तिने मला विमान समजावलं.
तांबं जाड घातलं तर तापणार कमी, पण जड.
बारीक घातलं तर हलकं, पण तापणार.
तापलं की थंड करायला नाकाला भोक,
भोकात वारा शिरला की तोच विमानाला मागे धरणार.
लहान पंखा भरभर फिरवला तर मोटर खूश, हवा नाखूश.
थोड्या हवेला जोरात हाणण्यापेक्षा
पुष्कळ हवेला हळूच सारावं, वाया कमी जातं.
म्हणजे पंखा मोठा.
मोठ्या पंख्याला विमानाचे पाय उंच,
आणि उंच पाय म्हणजे परत वजन.
मध्ये गिअर घाल, मी म्हटलं.
गिअरचं तेल, गिअरचा भार, गिअरची कुरकुर, ती म्हणाली,
आणि पान संपलं.

सहा वेळा भरली.
एकदा चौऱ्याण्णव टक्के आले, एकदा शहाण्णव.
त्या दोन टक्क्यांसाठी दीड किलो तांबं जास्त.
मी पेढे आणायला निघालो होतो.
ती काट्याकडे बघत राहिली.
हे दीड किलो काय पायलटच्या पोटातून काढू?
उकला, काका.

उकललं.
चांगलं भरलेलं उकलताना
राग बोटांना आधी येतो, डोक्यात नंतर.

चाचणी रात्री, शेजारचा प्रेस बंद झाल्यावर.
विमान नव्हतंच. काँक्रीटमध्ये गाडलेला खांब,
खांबाला मोटर, मोटरला लाकडी पंखा.
पत्रे थरथरले, कुत्री चौकापर्यंत पळाली,
माझी पावतीपुस्तकं गल्लीभर झाली.
खांब जागचा हलला नाही.
पन्नास मिनिटांनी आवाज खाली आला. बॅटरी उतरली.
रिकामी झाली म्हणून मी ती पेटी
एका हाताने उचलायला गेलो.
उचलेना.

तेल जळतं तसं विमान हलकं होत जातं, शलाका म्हणाली.
हिचं तसं नाही.
बॅटरी उतरते,
विमान उतरतं,
वजन उतरत नाही.

पन्नास मिनिटं म्हणजे कुठवर जाईल?
वीसच धरा. तीस राखीव,
उतरायला जागा मोकळी नसली तर.
म्हणजे रोज न्यायचं, रोज आणायचं,
आणि वापरायची वेळ येऊ नये म्हणायचं.
हे मात्र मला वहीशिवाय कळलं.
माझ्या स्कूटरच्या डिकीत बावीस वर्षं एक जास्तीचा प्लग आहे,
कागदात गुंडाळलेला. कागद तीनदा बदलला.

सातव्यांदा पंच्याण्णवला थांबलो.
पाऊण किलो कुणी सोडलं, एक टक्का कुणी,
यावर आमचं अजून एकमत नाही.
ती कडी घेऊन गेली. उडालं की कळवते, म्हणाली.

काल घणसोलीच्या सोसायटीचे पाटकर पंप घेऊन आले.
जुनं तांबं काढलं, नवं भरण्याआधी काट्यावर ठेवलं.
ते म्हणाले, वजन कशाला करताय घरत,
पंप काय उडणार आहे?
मी आकडा लिहून घेतला.